सवय उतरवलेला माणूस

"तुमच्या पत्नीने आज कोणत्या रंगाचे कपडे घातलेत?" डॉक्टर इनामदारांनी विचारलं.

तुषार देवरे मान वळवायला लागला, तसा डॉक्टरांनी हात वर केला. "मागे बघायचं नाही. आठवून सांगा."

काचेपलीकडच्या बाकावर राजश्री बसली होती. थोड्या वेळापूर्वी तिनेच गाडी चालवत त्याला या मेंदू-संशोधन केंद्रात आणलं होतं. गंगापूर रोडपासून इथपर्यंत ती त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर होती.

"हिरवा," तुषार म्हणाला. मग थांबून म्हणाला, "किंवा निळा. त्यातलाच काहीतरी."

"आता बघा."

राजश्रीने लिंबासारखा पिवळाधमक कुर्ता घातला होता आणि त्यावर जांभळी ओढणी. रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसली असती.

"ओशाळू नका," डॉक्टर हसत म्हणाले. "इथे येणारे जवळजवळ सगळेच चुकतात. परवा एका बाईंनी सांगितलं, माझ्या नवऱ्याला मिशी आहे. त्यांनी ती दिवाळीतच उतरवली होती."

गोष्ट हसण्यासारखी होती, पण तुषारला हसू आलं नाही. तो एकसष्ट वर्षांचा होता. उभी हयात त्याने सरकारी खात्यात जमिनी मोजण्यात घालवली होती, आधी दुर्बिणीने आणि मग ड्रोनने. शेताचा बांध हातभर सरकला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि बायकोचा पिवळा कुर्ता सुटला होता.

तो इथे आला त्याला एक वेटर कारणीभूत होता. लग्नाच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला दोघं हॉटेलात जेवायला गेले होते. हॉटेल भरलेलं होतं. दोघांनी आपापलं मागवलं, आपापलं जेवले. शेवटी तो पोरगा आदबीने म्हणाला, "बिल वेगवेगळं करू का, सर?" जागा नाही म्हणून दोन अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवलंय, असं त्याला वाटलं होतं.

राजश्री खदखदून हसली. परतताना घराजवळ आल्यावर मात्र म्हणाली, "त्या पोराचं काय चुकलं, सांग ना तुषार. आपलं भांडण नाही, तंटा नाही. पण आपण एकमेकांना दिसतच नाही. तू टीव्हीवाल्या खोलीत, मी तलावावर. मी म्हणते, काही महिने चिपळूणला ताईकडे जाऊन राहावं. तिथे पोहायचा नवीन तलाव होतोय, शिकवायला कोणी नाही."

"काही महिने म्हणजे किती?"

"बघू."

ती चिडून बोलली असती तर तुषारने समजूत काढली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली होती, उद्या भाजी कोणती करायची ते बघू म्हणावं तसं. त्याच आठवड्यात त्याने केंद्राच्या प्रयोगाची बातमी वाचली.

डॉक्टर इनामदारांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. "नवीन घड्याळ भिंतीवर लावलं की त्याची टिकटिक झोपू देत नाही. आठवड्याने ती ऐकूसुद्धा येत नाही. कान बिघडले का? नाही. आवाज कानात जातोच आहे. पण मेंदू कंजूष आहे. पुढे काय होणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो, आणि जे अंदाजाप्रमाणे घडतं त्याच्यावर लक्ष वाया घालवत नाही. टिकटिक येणार हे ठरलेलंच आहे, मग ऐकायची कशाला? आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तो याचमुळे. आणि बत्तीस वर्षं सोबत राहिलेलं माणूस..."

"टिकटिक होतं."

"होतं. प्रत्येक जवळच्या माणसाचा एक साचा आपल्या मेंदूत तयार झालेला असतो. आपण माणसाकडे बघतच नाही, साच्याकडे बघतो. आम्हाला त्या साच्याला शांत करायची युक्ती सापडली आहे. तुम्ही यंत्रात पडून राहायचं. आम्ही तुम्हाला तुमच्या पत्नीचे फोटो दाखवणार, आवाज ऐकवणार, त्यांची ओढणी हुंगायला देणार. ते करताना तुमच्या मेंदूतल्या ज्या पेशी 'माहीत आहे, माहीत आहे' म्हणून बाकीच्यांना गप्प बसवतात, त्यांच्यावर ध्वनिलहरींचा हलका मारा करणार. सलग तीन सकाळी. आठवणींना धक्का लागत नाही. फक्त त्या एका माणसाची सवय उतरते. साधारण सहा महिन्यांत मेंदू पुन्हा साचा बांधतो. हवं असेल तर तेव्हा पुन्हा करता येईल."

दोघांनीही करून घ्यावं, असं तुषारच्या मनात होतं. राजश्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी तू जा. तेल तापलं का बघायला कढईत पहिली पुरी सोडतात ना, ती पुरी तू."

पण चिपळूणचं तिने पुढे ढकललं.

तिसऱ्या सकाळी तुषार केंद्राच्या दारातून बाहेर आला तेव्हा फेब्रुवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. गाडीजवळ एक बाई उभी होती. रुंद खांदे, आखूड कापलेले केस, आणि वर्षानुवर्षं तलावाच्या पाण्यात राहून केसांच्या टोकांना आलेला तांबूस रंग. ती फोनवर कोणाला तरी दम देत होती आणि दम देता देता दुसऱ्या हाताने भटक्या कुत्र्याला बिस्किट भरवत होती.

ती राजश्री आहे हे त्याला अर्थातच माहीत होतं. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, पन्नाशी उलटलेल्या लोकांना पोहायला शिकवते, तिला कारलं आवडतं, हेही सगळं माहीत होतं. तरीही त्याची पावलं थबकली. लग्न ठरवायला तिच्या घरी गेला होता तेव्हा दाराच्या उंबऱ्यावर थबकली होती, तशी.

"काय रे? असा काय बघतोयस?" तिने फोन बंद करत विचारलं. "डोकं दुखतंय का?"

"तुझ्या हनुवटीवर तीळ आहे."

"जन्मापासून आहे."

"छान आहे."

राजश्रीने गाडीचं दार उघडलं. पण परतताना ती घराचं वळण चुकली, आणि ती वळण कधीच चुकत नसे.

पुढचे दिवस तुषारसाठी सणासारखे गेले. राजश्री बोलताना उजवी भुवई आधी उचलते, मग डावी. गंमत सांगायची असेल तर गंमत येण्याआधीच तिला हसू फुटतं. पोळी लाटताना ती टाचा वर-खाली करत असते. हे सगळं त्याच्यासमोर बत्तीस वर्षं चाललं होतं, आणि तो आता जेवताना घास हातात धरून बघत बसे.

"जेव," राजश्री म्हणे. "पोळी गार होतेय."

"तू सांग ना. मग तुझ्या वर्गातल्या त्या कुलकर्णींचं काय झालं?"

"कुलकर्णींचं तुला काय करायचंय?"

"तू सांगतेस ते ऐकायचंय."

ती लाजली. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवऱ्यापुढे लाजायचं म्हणजे तिलाच अवघडल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली मोत्याची कुडी काढून घातली, आणि तुषारला ती दारातूनच दिसली.

एका सकाळी तो तिच्यामागोमाग तलावावर गेला. नवशिक्यांच्या वर्गात नाव घालायचं म्हणाला. अर्ध्या नाशिकला पोहायला शिकवणाऱ्या बाईचा नवरा इतकी वर्षं घोटाभर पाण्यापुढे गेला नव्हता. वर्गातली सगळी मंडळी त्याला ओळखत होती. कुलकर्णींनी टाळ्या वाजवल्या.

राजश्रीने शिट्टी फुंकली. "इथे मी कोणाची कोणी नाही. देवरे, कठडा धरा. पाय मारा. गुडघ्यातून नाही, मांडीतून! सायकल चालवताय का?"

तुषारच्या नाकातोंडात पाणी गेलं, डोळे झोंबले, आणि तरी तो हसत होता. काठावर उभी राहून नऊ घाबरलेल्या माणसांना एकाच वेळी धीर देणारी आणि दरडावणारी ही बाई त्याने याआधी पाहिलीच नव्हती. घरी राजश्री कामात असायची, इथे ती राज्य करत होती. थरथर कापणाऱ्या एका आजोबांच्या पाठीखाली तिने नुसता तळहात धरला, आणि आजोबा पाण्यावर तरंगले. "सोडला हात मी मघाशीच," ती त्यांना म्हणाली. आजोबांनी लहान मुलासारखी आरोळी ठोकली.

अर्थात, सवय उतरली ती सगळीच उतरली. राजश्री सकाळी घसा खाकरते, ते इतक्या वर्षांत तुषारला कधी टोचलं नव्हतं. आता दचकायला व्हायचं. तलावावर ओरडून ओरडून तिचा आवाज घरातही दोन पट्ट्या वरच असतो. ती त्याची वाक्यं मध्येच तोडून स्वतः पुरी करते, आणि चुकीची पुरी करते.

"मला बोलू दे ना जरा!" एक दिवस तो उसळला. "मी उद्या बँकेत नाही, दातांच्या डॉक्टरकडे जाणार आहे म्हणत होतो!"

"मग तसं पटकन म्हणावं! तू एका वाक्याला चार थांबे घेतोस, एसटी बरी!"

"आणि ओला टॉवेल पलंगावर टाकतेस, रोज!"

"बत्तीस वर्षं टाकतेय! आज दिसला?"

"हो, आज दिसला!"

मग राजश्रीच आधी हसली. "अरे, आपण भांडतोय," ती नवलाने म्हणाली. "केतकीच्या बारावीनंतर भांडलोच नव्हतो." केतकी म्हणजे त्यांची मुलगी. ती आता एकोणतीस वर्षांची होती आणि कोचीला जहाजं बांधायच्या कारखान्यात इंजिनिअर होती. राजश्रीने लगेच तिला फोन लावून सांगितलं, "तुझ्या बाबाने आज माझ्याशी मस्त भांडण केलं!" चिपळूणचं नाव पुन्हा निघालं नाही.

मे महिन्यात राजश्री जरा सावकाश चालायला लागली. बोलता बोलता मध्येच श्वास घ्यायला थांबायची. तुषारला ते थांबणं फार आवडलं. त्या विरामात तिचे डोळे कुठेतरी दूर लागल्यासारखे दिसत. तलावावर ती आता खुर्ची घेऊन बसायची आणि बसल्या जागेवरून हात उंचावून सूचना द्यायची. एखाद्या राणीसारखी दिसतेस, असं तो तिला म्हणालाही. ती दमल्यासारखं हसली आणि म्हणाली, "उन्हाळा बाधतोय यंदा."

रविवारी केतकीचा फोन आला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर ती कॉफी पीत बसली होती, इकडे राजश्री भेंडी चिरत होती. पाच-सहा वाक्यं झाली असतील नसतील, केतकीने कप खाली ठेवला.

"आई, तुला काय होतंय?"

"कुठे काय?"

"तू भाजी चिरताना गुणगुणत नाहीयेस. आणि एका वाक्यात दोनदा थांबलीस. खरं सांग, चक्कर येते का?"

राजश्रीने सुरी ठेवली. "कधी कधी येते. उठताना."

"बाबा, हे किती दिवस चाललंय?"

तुषार मागचे दिवस आठवायला लागला. राजश्री आधी गुणगुणायची का? आठवून बघितलं तर हो, गुणगुणायची. आधी कधी खुर्चीत बसून शिकवायची का? नाही, कधीच नाही. सगळं आठवत होतं, पण मुद्दाम आठवायला गेलं तरच. समोरची राजश्री रोजच नवीन असल्यामुळे तिच्यात काही बदललंय, असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

"बाबा, तुला दिसलं नाही?" केतकीने विचारलं. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ते जास्त लागलं.

अर्ध्या तासात ते इस्पितळात होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला जाणारा विजेचा संदेश अडत होता. खालचा कप्पा स्वतःच्या बळावर कसाबसा, फार मंद गतीने चालला होता. "आणखी थोडे दिवस काढले असते, तर कुठेतरी कोसळल्या असत्या," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात या पाण्यात असतात. वेळेत आणलंत." त्याच संध्याकाळी राजश्रीच्या छातीत बोराएवढा पेसमेकर बसवला. दुसऱ्या दिवशी ती पलंगावर उठून बसली, गालांवर रंग आला होता आणि नर्सला पोहायला ये म्हणून गळ घालत होती.

तुषारने "वेळेत आणलंत" हे शब्द ऐकले होते. ते श्रेय केतकीचं होतं.

तो तडक इनामदारांकडे गेला. त्याने सगळं सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आला होता, तरी चढला. इनामदार मध्ये बोलले नाहीत. 

"घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण घड्याळ बंद पडलं, की आपण झोपेतूनसुद्धा जागे होतो. मेंदूचा अंदाज चुकतो ना, म्हणून. सवय म्हणजे नुसता पडदा नव्हे, ती पहारेकरीही आहे. जे ठरलेलं आहे त्याकडे दुर्लक्ष करते, ते बिघडलेलं चटकन पकडता यावं म्हणून. तुमच्यातला पडदा काढताना आम्ही पहारेकरीही उठवून लावला." त्यांनी चष्मा काढला. "देवरे, हे मला आधी सुचायला हवं होतं. आम्ही प्रयोगातल्या जोडप्यांना विचारत होतो, सुखी आहात का. सगळे हो म्हणायचे. साथीदार आजारी पडला तर तुम्हाला कळेल का, हे आम्ही विचारलंच नाही. उद्यापासून प्रयोग थांबवतो आणि सगळ्यांना कळवतो."

त्यांनी ते केलंही. तुषारचा राग तिथेच ओसरला, पण भीती गेली नाही. राजश्री घरी आली, तरी तिच्याकडे बघून ती बरी आहे की नाही हे त्याला ओळखता येईना. मग तो विचारत राहायचा. "बरी आहेस ना?" भाजी फोडणीला टाकताना विचारायचा, ती न्हाणीघरात असली तर दाराबाहेरून विचारायचा.

"तुषार," एक दिवस ती म्हणाली, "आता पुन्हा विचारलंस, तर मी खरंच चिपळूणला जाईन."

ऑगस्टमध्ये इनामदारांनी दोघांना बोलावलं. त्यांनी प्रयोगात बदल केला होता. मारा आता पूर्वीच्या पावपट असणार होता, थोडी सवय राहील, थोडं नवेपण राहील. सोबत साथीदाराची प्रकृती तपासणारा मनगटी पट्टा द्यायचं ठरलं होतं. पेसमेकरमुळे राजश्रीला स्वतःला हा उपचार घेता येणार नव्हता. तुषारला घेता येणार होता, कारण त्याचा सहा महिन्यांचा काळ संपत आला होता.

"नको," तुषार लगेच म्हणाला. "मला माझा पहारेकरी परत हवा."

"घे," राजश्री म्हणाली.

तुषारने चमकून तिच्याकडे पाहिलं. इनामदार हळूच उठले आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेले.

"घे म्हणजे?" तुषार म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत तू मरता मरता वाचलीस आणि मी म्हणत होतो, काय राणीसारखी दिसतेस!"

"ते ऐकून मला बरं वाटलं होतं." राजश्रीचा आवाज एरवीसारखा वरच्या पट्टीत नव्हता. "तुला नाही कळणार. कित्येक वर्षांत माझ्या कानांकडे कोणी बघितलं नव्हतं. आरशात मीसुद्धा बघायची नाही. या सहा महिन्यांत मी सकाळी उठायचे तेव्हा वाटायचं, चला, आज कोणीतरी आपल्याला बघणार आहे. आता तू नको म्हणतोस. तुझं बरोबर आहे. पण माझं काय जाणार आहे ते मला माहीत आहे, आणि मला ते जायला नको आहे."

तिला काय वाटलं असेल याचा तुषारने आजवर विचारच केला नव्हता. तो आपला आपल्याच डोळ्यांच्या आनंदात होता.

"यंत्र नको," तो सावकाश म्हणाला. ती मध्ये बोलायला गेली, पण त्याने या वेळी हात वर केला. "थांब, माझं वाक्य मी पुरं करतो. मला तू ओळखू यायला हवीस. तुला बरं नसलं तर न सांगता कळायला हवं. ते यंत्राने जातं. पण तुझ्याकडे बघायला यंत्र लागतं, असं थोडंच आहे? आधी मी बघत नव्हतो, कारण न बघताही भागत होतं. आता मला माहीत आहे, बघितलं की काय दिसतं."

"विसरशील."

"विसरेन. तेव्हा शिट्टी वाजव."

राजश्रीने ओठ मुडपले. ती रडणार असं त्याला वाटलं, पण ती हसणार होती. तिचा चेहरा वाचण्यात तो अजून कच्चाच होता. "यंत्राने फुकट होत होतं," ती म्हणाली. "आता मेहनत करावी लागेल हं."

इनामदार चहा घेऊन आले तेव्हा दोघं उठलेच होते. चहा मात्र पिऊन गेले.

मेहनत करावी लागलीच. सप्टेंबरात हळूहळू पडदा यायला लागला. एके दिवशी तुषारच्या ध्यानात आलं की सकाळचं खाकरणं आपल्याला ऐकूच आलं नाही. आधी बरं वाटलं, मग त्याचा अर्थ लक्षात आला. म्हणजे आता तीळ दिसणार नाही, भुवया दिसणार नाहीत. तो मुद्दाम बघायला लागला. पण घरात मुद्दाम किती बघणार? तिच्या समोर बसून टक लावली की तिला हसू यायचं आणि त्याचं मन भलतीकडेच जायचं.

तलावावर मात्र तसं होत नसे. तिथे तो तिच्या वर्गातला एक घाबरट विद्यार्थी होता. कुलकर्णी तिच्याकडे ज्या विश्वासाने बघायचे, थरथरणारे आजोबा ज्या आशेने बघायचे, त्यांच्या नजरेबरोबर त्याचीही नजर तिच्यावर जायची आणि ती पुन्हा नवीन दिसायची. मग त्याने तिला विचारून तिच्या मैत्रिणींच्या सहलीला जायला सुरुवात केली. ताईला भेटायला दोघं मिळून चिपळूणला गेले. तिथल्या नव्या तलावाच्या उद्घाटनाला राजश्रीने भाषण ठोकलं आणि तुषार शेवटच्या रांगेत बसून ते एखाद्या परक्या माणसासारखा ऐकत राहिला. भाषण संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी त्याला विचारलं, "कोण हो या बाई?" त्याने इतक्या उत्साहाने माहिती दिली, की ते गृहस्थ जागा बदलून बसले.

काही दिवस तो विसरायचा. सलग दोन दिवस तिचं तोंडही नीट बघितलं नाही असं व्हायचं. मग राजश्री जेवताना टेबलावर वाटी आपटायची. "शिट्टी," ती म्हणायची, आणि तो मान वर करायचा. तीही बदलली होती. आपलं बोलणं तो ऐकतोय याची खात्री होईपर्यंत ती थांबायची, आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची. निदान चारातलं एक तरी.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तुषार जेवणाच्या टेबलाशी पेरू चिरत बसला होता. राजश्री तलावावरून आली. तिने बॅग खुंटीला अडकवली, चपला रांगेत काढल्या आणि पाणी प्यायला आत गेली. तुषारचा हात थांबला.

"काय लपवतेयस?" त्याने विचारलं.

"मी?" ती पाठमोरीच म्हणाली. "काही नाही."

"बॅग खुंटीला लावलीस."

"मग? कुठे लावायची?"

"खुर्चीवर फेकतेस. रोज फेकतेस आणि दारातूनच सांगायला लागतेस आज कोण बुडत होतं ते. आज शहाण्यासारखी वागतेयस. राजी, चांगली बातमी आहे. वाईट असती तर चपला आडव्या पडल्या असत्या."

राजश्री वळली. भुवया वर गेल्या होत्या, आधी उजवी, मग डावी. "मेल्या!" ती म्हणाली. "तुझ्या वाढदिवसाला सांगणार होते. कसं कळलं तुला?"

तुषारलाही ते सांगता आलं नसतं. त्याने बघायची मेहनत केली नव्हती, काही ताडून पाहिलं नव्हतं. आत कुठेतरी काहीतरी ठरल्याप्रमाणे झालं नाही, आणि तो जागा झाला होता. त्याला एवढा आनंद झाला की सुरी हातातून खाली पडली.

"आधी बातमी सांग," तो म्हणाला.

"डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. मालवणला समुद्रातली स्पर्धा आहे जानेवारीत, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन किलोमीटर! म्हणाल्या, हृदय आता तुमच्या नवऱ्यापेक्षा ठणठणीत आहे. आज नाव घातलं."

"माझंही घाल."

"तुझं?" ती मोठमोठ्याने हसायला लागली. "अरे, तुला अजून तलावाची रुंदी धड पार करता येत नाही."

"नवशिक्यांसाठी काहीतरी असेलच की."

"अडीचशे मीटर आहे, किनाऱ्याला धरून. पण समुद्र आहे तो. लाटा असतात, खारं पाणी असतं, पाय टेकत नाहीत."

"तू असशील ना?"

"मी माझ्या शर्यतीत असेन. तुझ्याजवळ कोणी नाही."

"मग शिकव. दोन महिने आहेत."

राजश्रीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. सुटलेलं पोट, पातळ झालेले केस, टेबलाखालचे काटकुळे पाय. इतकी वर्षं तो समोर होता, पण असं मोजून-मापून तिने त्याला कधी बघितलं नसावं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं, आणि ते मात्र तुषारला बरोबर वाचता आलं.

"खांदे बरे आहेत तुझे," ती म्हणाली. मग तिने खुंटीवरची बॅग काढून त्याच्या अंगावर फेकली. "ऊठ. चल."

"आत्ता? अगं, तू आत्ताच आलीस. आणि माझा नाश्ता व्हायचाय."

"बरं झालं," राजश्री चपला घालत म्हणाली. "भरल्या पोटी पाण्यात उतरत नाहीत."